आर्क्टिकमधले दाबलेले रानफूल बडोद्याच्या हवेत कसे जपावे

गेल्या ऑगस्टमध्ये, बडोद्यात पावसाची झड लागलेली असताना, माझी भाची नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सोहून आली आणि चहा होण्याआधीच तिने दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलेले एक पाकीट माझ्यापुढे ठेवले. आत वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलेले रानफूल होते. बोटभर लांबीचा देठ, त्याच्या टोकाला मळकट पांढऱ्या आठ पाकळ्यांचे एकच फूल आणि बुडाशी नखाएवढ्या पानांची दाटी. "मावशी, आता याचं काय करायचं ते तूच सांग," असे ती म्हणाली. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असले तरी इतक्या दूरच्या उत्तरेतला नमुना घरी सांभाळण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. पुढच्या पाच महिन्यांत त्याचे जे जे केले ते क्रमाने आणि कारणांसह येथे लिहीत आहे. आपल्याकडची अनेक मुले आता उत्तर युरोपात आणि कॅनडात राहतात, लडाख-स्पितीला जाणारी मंडळीही वहीत फुले दाबून आणतात, आणि ती फुले दोन पावसाळ्यांच्या आत काळवंडतात किंवा त्यांना कीड लागते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

ट्रॉम्सो सुमारे ७० अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या बरेच वर आहे आणि बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. तिकडे थंडी आहे म्हणून कीड आणि बुरशी मंद असतात, आणि हिवाळाभर हीटर चालणाऱ्या घरांतली हवा इतकी कोरडी असते की कपाटात ठेवलेला वाळका नमुना आपोआप टिकतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मीठ पाझरते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते आणि ओले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे नमुन्याचे सगळे काम बडोद्याच्या ऋतुचक्रावर बसवावे लागते. पावसाळ्यात तो बंद डब्यात नुसता सुरक्षित ठेवायचा आणि कागदावर चिकटवण्याचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर हाती घ्यायचे, हा या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. घाई केली की ओलसर कागदावर ओलसर खळ लागते आणि बुरशीला आयतेच आमंत्रण मिळते.

आणण्यापूर्वी

ज्यांचा नमुना अजून यायचा आहे त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. फूल तोडण्याची मुभा आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर मोकळ्या रानातली सामान्य फुले तोडण्याचा हक्क लोकांना परंपरेने आहे, मात्र संरक्षित क्षेत्रांत आणि संरक्षित जातींना तो लागू नाही. त्याहून उत्तरेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००१ च्या पर्यावरण कायद्याने वनस्पतींना संरक्षण दिलेले आहे, म्हणून तिथले फूल आठवण म्हणून आणूच नये. आपल्या हिमालयातही फुलों की घाटी हे १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथले फूल तोडता येत नाही. जिथे मुभा आहे तिथेही आसपास किमान वीस झाडे असतील तरच त्यांतल्या एकाला हात लावावा, असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा जुना संकेत आहे. आर्क्टिकमधल्या झुडपांची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच होते, त्यामुळे आपण उपटलेली वीतभर जागा भरून यायला कित्येक वर्षे लागतात. संपूर्ण झुडूप न उपटता पाने आणि फूल असलेली एक लहान फांदी कापून घेणे पुरेसे असते.

भारतात वनस्पती आणण्यासाठी २००३ चा प्लँट क्वारंटाईन आदेश लागू होतो, तेव्हा त्यातले नियम प्रवासाआधीच वाचून घ्यावेत आणि विमानतळावर नमुना लपवून न ठेवता दाखवावा. माती, ओली मुळे आणि बिया कोणत्याही परिस्थितीत सोबत नकोत.

पहिल्याच दिवशी लिहायचे टिपण

पाकीट हातात आल्यावर मी फुलाकडे पाहिलेच नाही म्हटले तरी चालेल. भाचीला समोर बसवून आधी पेन्सिलीने टिपण काढले. हे विसरले की सगळे फसते, कारण रानफुलाचा नमुना कुठला, कधीचा आणि कुणी गोळा केला हे ठाऊक नसेल तर तो अभ्यासाच्या दृष्टीने वाळलेला पाचोळा ठरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यांवरच्या तारखा पाहून अमुक जातीचे फूल पूर्वी केव्हा उमलत असे आणि आता केव्हा उमलते याची तुलना अभ्यासक करतात, हवामान तापत गेल्याचे पुरावे त्यातून मिळतात. ते शक्य होते ते कुणीतरी त्या दिवशी तारीख लिहिली म्हणून.

मी विचारलेल्या गोष्टी अशा होत्या. देश, प्रांत, सर्वांत जवळचे गाव आणि तिथून दिशा व अंतर. अक्षांश आणि रेखांश, जे तिने मोबाईलमधल्या फोटोच्या माहितीतून काढून दिले. समुद्रसपाटीपासूनची उंची. जमीन कशी होती, खडक कोणता होता, उतार कोणत्या दिशेला होता, जवळ आणखी काय उगवले होते. फूल ताजे असताना त्याचा रंग, कारण वाळल्यावर पांढऱ्या पाकळ्या पिवळट-तपकिरी होतात आणि मूळ रंग कागदावरच उरतो. गोळा केल्याची तारीख, तीही महिना अक्षरांत लिहून, कारण ९/७ असे लिहिले तर अमेरिकेत ते ७ सप्टेंबर होते आणि आपल्याकडे ९ जुलै. शेवटी गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक. भाचीने आयुष्यात गोळा केलेला हा पहिलाच नमुना असल्याने तिचा क्रमांक १ असा लिहिला, आणि ती त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत होती.

तिला उंची आठवत नव्हती. अशा वेळी अंदाजाने नेमका आकडा ठोकून देऊ नये. आम्ही नकाशावर जागा शोधली, समोच्च रेषा पाहिल्या आणि "सुमारे ३५० मीटर" असे लिहिले. "सुमारे" हा शब्द लेबलावर प्रामाणिकपणाचे काम करतो.

नमुना खरोखर वाळला आहे का

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. घडीतला नमुना हळूच उघडून त्याचा देठ आणि फुलाचा जाड मधला भाग गालाच्या किंवा वरच्या ओठाच्या कातडीला टेकवावा. आत ओल शिल्लक असेल तर तो भाग गार लागतो, कारण ओल उडताना उष्णता ओढून घेते. पूर्ण वाळलेला नमुना खोलीच्या हवेइतकाच लागतो आणि देठ धरून उचलला तर पाने लोंबत नाहीत. माझ्या हाती आलेल्या फुलाची पाने कोरडी ठणठणीत होती, पण फुलाचे बूड स्पष्टपणे गार लागले. भाचीने ते आधी दोन दिवस एका गुळगुळीत कागदाच्या मासिकात दाबून ठेवले होते. तसला चकचकीत कागद ओल शोषत नाही, त्यामुळे दोन पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. झालेला डाग परत जात नाही, त्याच्या मागे लागू नये.

अर्धवट वाळलेला नमुना पुन्हा दाबावा लागतो. टिपकागद मिळाला तर उत्तम, नाहीतर जुनी वर्तमानपत्रे चालतात. खाली पन्हाळीदार पुठ्ठा, त्यावर चार-पाच पाने वर्तमानपत्र, त्यावर घडीतला नमुना, पुन्हा वर्तमानपत्र आणि पुन्हा पुठ्ठा असा थर करून वर दोन-तीन जाड पुस्तके ठेवावीत. फुलाचे बूड जाड आणि पाने पातळ असल्याने सगळा दाब बुडावरच येतो आणि पाने सुटी राहून सुरकुततात. म्हणून बुडाच्या चहूबाजूंनी टिपकागदाचे तुकडे रचून उंची सारखी करून घ्यावी. पहिले तीन दिवस रोज आणि नंतर एक दिवसाआड बाहेरचे कागद बदलायचे, पण नमुन्याला चिकटून असलेली घडी मात्र हलवायची नाही, नाहीतर पाकळ्या कागदासोबत निघून येतात. पावसाळ्यात बदलायचे कागद आधी इस्त्रीखाली फिरवून गरम आणि कोरडे करून घेतले, तर फरक दुसऱ्याच दिवशी दिसतो. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याशेजारी पंखा लावावा, म्हणजे पन्हाळीतून हवा खेळते.

आपल्या घरांत कोणतीही वस्तू वाळवायची म्हटले की गच्ची आठवते. पापड, सांडगे, कुरडया यांना जे ऊन मानवते ते फुलाला मुळीच मानवत नाही. उन्हाने रंग उडतो, पाने ठिसूळ होऊन वळतात आणि पुढे हात लावताच मोडतात. नमुना नेहमी सावलीत आणि दाबाखालीच वाळवावा.

फूल ओळखणे

नाव लावण्यासाठी मी दहापट मोठे दाखवणारे भिंग वापरते. या फुलाचे पान वरून गडद हिरवे आणि सुरकुतलेले, लांबोडके, कडांना गोलसर दाते असलेले आणि कडा खाली मुडपलेले दिसते. चिमट्याने ते हलकेच उलटे केले तर खालची बाजू पांढऱ्याशुभ्र बारीक लवेने इतकी भरलेली असते की जणू तिथे पिंजलेल्या कापसाचे अस्तर लावले आहे. मध्यशीर त्या लवेतून उठून दिसते. निदलांवर काळपट केस असतात, पाकळ्या बहुधा आठ, क्वचित सात किंवा नऊ-दहा, आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. ही सगळी लक्षणे एकत्र आली की ती वनस्पती ड्रायस ऑक्टोपेटाला ठरते. ती गुलाबाच्या रोझेसी कुलातली आहे आणि नॉर्वेत तिला "राइनरोसे" म्हणतात. जातिनामातल्या "ऑक्टोपेटाला"चा अर्थच अष्टदल असा आहे, आणि पाने ओकच्या पानांची आठवण करून देतात म्हणून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने प्रजातीला ग्रीक पुराणातल्या वृक्षदेवतांचे नाव दिले. हे नाव १७५३ चे आहे. आइसलँडचे हे राष्ट्रीय फूल आहे.

उत्तर अमेरिका आणि ग्रीनलँडमध्ये तिची बहीण, ड्रायस इंटेग्रिफोलिया, आढळते, तिच्या पानांच्या कडांना दाते जवळजवळ नसतात, त्यामुळे कॅनडाहून आलेल्या नमुन्याची कड आधी पाहावी. नवशिक्यांची गल्लत रॅननक्युलस ग्लेसियालिसशी होऊ शकते, पण तिच्या पाकळ्या पाच असतात, पुढे गुलाबी होतात आणि पाने विभागलेली असतात.

या पानाविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ड्रायसची चिवट पाने मातीत गाडली गेली तरी हजारो वर्षे ओळखू येतात. स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांच्या जुन्या गाळात, आज जिथे हे झुडूप उगवत नाही अशा सखल जागी, तिची पाने सापडली आणि त्यावरून तिथे एके काळी कडाक्याची थंडी होती हे उमगले. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या त्या थंड काळाला "यंगर ड्रायस" हे नाव या झुडपावरूनच मिळाले. भिंगाखालचे ते नखाएवढे पान पाहताना, निसर्गाने चिखलात जे जपले ते आपल्याला निदान कपाटात जपता यावे, असे मला मनापासून वाटले.

कीड मारण्यासाठी गोठवणे

काही वर्षांपूर्वी हिमाचलमधून आणलेल्या फुलांची एक घडी मी तशीच लोखंडी कपाटात ठेवून दिली होती. दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली, तेव्हा पानांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे पडली होती आणि घडीच्या दुमडीत तपकिरी भुकटी साचली होती. तंबाखू आणि मसाल्यांना लागणारा बारीक तांबूस भुंगेरा वाळक्या वनस्पतींनाही लागतो, आणि त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक नमुना मी आधी गोठवते.

पद्धत सोपी आहे, मात्र तिच्यातली एकही पायरी गाळू नये. पूर्ण वाळलेला नमुना घडीसकट दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीतली हवा हाताने दाबून काढावी आणि तोंड घट्ट बंद करावे. घरच्या फ्रीजरचे तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सियस असते, त्यात ही पिशवी दोन आठवडे ठेवावी. मध्येच बरेच तास वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. बाहेर काढल्यावर पिशवी किमान चोवीस तास उघडू नये. गार नमुन्यावर बडोद्याची दमट हवा लागली की थंड पाण्याच्या ग्लासावर जसे थेंब जमतात तसे ते पानांवर जमतात, आणि दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. पिशवी बंद असली की हे दव तिच्या बाहेरच्या बाजूला धरते. खोलीत येऊन सगळे समतोल झाले की मगच उघडायचे.

डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही, त्यांच्या वाफा श्वासाला घातक असतात. वेखंडाची पुरचुंडी आणि कडुनिंबाचा पाला आपल्या आजीच्या काळापासून कपाटांत असतो, तो ठेवायला हरकत नाही, पण आत आधीच असलेली अंडी त्याने मरत नाहीत, तेव्हा गोठवण्याची जागा तो घेऊ शकत नाही. जुन्या हर्बेरियमांत, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयांत, कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात नमुने बुडवत असत. ते पाऱ्याचे जहाल विष आहे आणि घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. कुणाच्या घरी जुना वारसाचा संग्रह असेल, तर त्यावर हे विष असू शकते असे गृहीत धरून हातमोजे घालूनच तो हाताळावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

दिवाळीपर्यंतची वाट

गोठवून झालेला नमुना मी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवला. साधारण दहा लिटरच्या डब्यात दोनशे ग्रॅम सिलिका जेल, मलमलीच्या पिशवीत बांधून, आणि सोबत आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. ६५ च्या वर गेली की बुरशीची भीती असते आणि ३० च्या खाली गेली की पाने पापडासारखी फुटतात. सिलिका जेल निळ्याऐवजी नारिंगी रंगाचे घ्यावे, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला बरे नाही. दाण्यांचा रंग पालटला की १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून ते पुन्हा वापरता येतात.

डबा कुठे ठेवायचा, हाही बडोद्यात गंभीर प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कित्येक घरांत तळमजल्यावरची कपाटे खालच्या कप्प्यांसकट बुडाली. म्हणून डबा तळमजल्यावर ठेवू नये, आणि इलाज नसेल तर छातीच्या उंचीहून वरच्या कप्प्यात ठेवावा. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिला टेकलेले कपाट टाळून घराच्या आतल्या भिंतीशी जागा करावी. स्वयंपाकघर आणि देवघर ही दोन ठिकाणे नकोत, पहिल्यात वाफ आणि मसाल्यांचे भुंगेरे, दुसऱ्यात उदबत्तीचा धूर.

कागदावर चढवणे

हे काम मी उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यात केले. पतंगांचे ते दिवस बडोद्यात कोरड्या वाऱ्याचे असतात, आणि चिकटवलेला कागद एका रात्रीत खडखडीत वाळतो.

हर्बेरियमचा कागद आपल्याकडे साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असतो. तो जाड आणि आम्लरहित हवा, कारण साधा कागद पिवळा पडून कडकडीत होताना नमुन्यालाही खराब करतो. रावपुऱ्यातल्या चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानांत सुती लगद्याचा कागद मागितला की मिळतो, पत्रिकांसाठी वापरतात तो चकचकीत कार्डबोर्ड घेऊ नये.

चिकटवण्यासाठी काय वापरावे याबद्दल माझे मत ठाम आहे. सेलोटेप कधीही नको. दोन-चार वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन पाझरतो, टेप सुटून येते आणि डाग राहतो. बुकबाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, म्हणजे तिला कीड लागत नाही, पण तांब्यामुळे कागदाचा तंतू हळूहळू कुजतो, म्हणून नमुन्यासाठी ती खळ चालत नाही. नुसत्या मैद्याच्या खळीला किडी हमखास येतात. मिथाइल सेल्युलोजची पूड पाण्यात भिजवून केलेली पातळ खळ किंवा आम्लरहित पांढरा पीव्हीए डिंक थोडे पाणी घालून, यांतले एक घ्यावे. मी मिथाइल सेल्युलोज घेतले, कारण पुढे कधी कुणाला नमुना सोडवायचा झाला तर तो पाण्याच्या ओलाव्याने सुटतो.

आधी कोऱ्या कागदावर नमुना नुसता ठेवून जागा ठरवावी. उजवीकडचा खालचा कोपरा लेबलासाठी मोकळा सोडावा आणि वरच्या कोपऱ्यात सुट्या भागांच्या पाकिटाला जागा ठेवावी. माझा नमुना वीतभरही नसल्याने तो मधोमध न ठेवता किंचित वर आणि डावीकडे ठेवला. सुईच्या टोकावर खळीचा मोहरीएवढा थेंब घेऊन देठाखाली तीन ठिकाणी आणि फक्त दोन पानांखाली लावला. बाकीची पाने मुद्दाम मोकळी सोडली, म्हणजे अभ्यासकाला ती उचलून खाली पाहता येते. एक पान उलटे करून चिकटवले, कारण पांढरी लव दिसली नाही तर नमुन्याची अर्धी ओळख हरवते. फुलाखाली खळ अजिबात लावू नये, पाकळ्या पातळ असल्याने त्या ओलावा शोषून सुरकुततात आणि कागदाला कायमच्या चिकटतात. देठावरून हातकागदाच्या दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या आडव्या लावून त्यांची टोके कागदावर चिकटवली. लाकडी फांदी असेल तर पट्टीपेक्षा पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घालणे पक्के होते, गाठ मागच्या बाजूला मारून तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटवावा, म्हणजे खालच्या नमुन्यात ती अडकत नाही.

हे करताना एक पाकळी गळून पडली. ती फेकली नाही. आम्लरहित कागदाची छोटी पुडी करून तिच्यात ठेवली आणि पुडी वरच्या कोपऱ्यात लावली. पुढे कुणाला सूक्ष्मदर्शकाखाली काही तपासायचे असेल तर तीच कामी येईल, आणि नमुन्यातून नवीन भाग तोडावा लागणार नाही. शेवटी वर बटर पेपर आणि रेतीची छोटी पिशवी ठेवून रात्रभर तसेच सोडले.

पहिल्या दिवशीच्या टिपणावरून लेबल तयार करताना शाई तपासावी. इंकजेटवर छापलेली अक्षरे एका ओल्या बोटाने पसरतात, लेसर छपाई किंवा न पसरणारी काळी शाई वापरावी. शास्त्रीय नाव रोमन लिपीतच लिहावे लागते, पण मी बाकीचा मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिला. पेन्सिलीचे मूळ टिपण फेकू नये, ते पाकिटात घालून त्याच कागदाला जोडावे. पुढे कुणी जाणकाराने वेगळे नाव सुचवले, तर जुने लेबल न खोडता शेजारी नवीन चिठ्ठी, नाव आणि तारखेसह, लावायची असते. नमुन्यावरच्या मतांचा हा इतिहासही जपला जातो.

कपाटात आणि त्यानंतर

असा नमुना काचेच्या चौकटीत घालून बैठकीत लावण्याचा मोह अनेकांना होतो. भाचीलाही झाला. दिवसाच्या उजेडाने रंग झपाट्याने उडतो आणि चौकटीच्या आत ओल कोंडते. आम्ही त्याऐवजी वरून, सपाट प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला आणि त्याची मोठी प्रत चौकटीत लावली. स्कॅनरवर नमुना पालथा घालू नये, त्यात पाने मोडतात.

चढवलेला कागद दुमडलेल्या आम्लरहित आवरणात घालून आडवा, त्याच डब्यात ठेवला. काढताना खाली पुठ्ठा धरून दोन्ही हातांनी उचलायचा, पुस्तकाच्या पानासारखा कधीच उलटायचा नाही. सुटे कागद कपाटात आडवे रचण्याची ही रीत लिनियसने लोकप्रिय केली. त्याने १७३२ मध्ये लॅपलँडचा प्रवास केला आणि १७५१ मध्ये नमुने कसे तयार करावेत याचे नियम छापले. त्याचा संग्रह १७८४ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथने विकत घेतला आणि तो आजही लंडनच्या लिनियन सोसायटीत अभ्यासाला उपलब्ध आहे. थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागेत ठेवलेले वाळके फूल अडीचशेहून अधिक वर्षे टिकू शकते.

आमच्या डब्याची तपासणी मी वर्षातून चारदा करते. मार्चअखेर, पावसाच्या आधी जूनमध्ये, पावसाळ्याच्या मध्यावर एकदा आणि दिवाळीत. दर वेळी मीटरचा आकडा डब्याच्या झाकणाआत लावलेल्या कागदावर तारखेसह लिहायचा, घडीच्या दुमडीत भुकटी दिसते का ते भिंगाने पाहायचे आणि शंका आली तर पुन्हा दोन आठवडे गोठवायचे. अंडी टिकून राहिली असतील तर त्यांतून निघालेल्या अळ्या दुसऱ्या फेरीत मरतात.

पुढे कधी नमुना संस्थेला द्यावासा वाटला तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे हर्बेरियम, ज्याचे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त नाव "बारो" असे आहे, बडोद्यातच आहे. विदेशातला नमुना स्वीकारताना तो कायदेशीर रीतीने आला याची कागदपत्रे विचारली जाऊ शकतात, म्हणून तोडण्याच्या परवानगीसंबंधीचे आणि आयातीचे कागद पहिल्या दिवसापासून एका पाकिटात एकत्र ठेवावेत. भाचीचे पाकीट आमच्या डब्यातच आहे. या जुलैत ती पुन्हा त्याच उतारावर जाणार आहे, आणि आता तिच्या पिशवीत टिपकागद, दोन पुठ्ठे, पेन्सिल आणि क्रमांक २ लिहिलेली एक कोरी चिठ्ठी आहे.